दोघांची बोट

आमच्या खानदानात माझ्या आधी कुणी नावाडी झालं नव्हतं आणि माझ्यानंतर कुणी होईल असं दिसत नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पैठणला पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याला पाणी कधी सुटणार, कोणत्या चारीला किती तास द्यायचं, कुणाची पाळी आधी आणि कुणाची नंतर, हे सगळं त्यांच्याकडं. जन्मभर पाण्याच्या काठानं सायकल चालवलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं. कुणी टोकलंच तर म्हणायचे, "मला पाणी सोडता येतंय. त्यात पडायची काय गरज?" मी मात्र पडलो. वारंवार पडलो, आणि त्या पडण्याची सरकारदरबारी दखल घेतली जाऊन पुढं मला नोकरीही लागली. आज संभाजीनगरात, सिडकोतल्या आमच्या घराच्या गच्चीवर माझी शेवटची बोट उपडी पडलेली आहे. उन्हाळ्यात बायको तिच्यावर कुरडया वाळत घालते. बोट मधे फुगीर असल्यामुळं कुरडयांना चारही बाजूंनी ऊन लागतं, असं तिचं म्हणणं. बोटीच्या उपयोगाबद्दल आमच्या घरात एवढं एकमत पूर्वी कधीच झालं नव्हतं.

धरणाखालच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. कालव्याचं पाणी सुटलं की भिंतींना एक बारीक घरघर लागायची. मायच्या फडताळातल्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या आणि माय म्हणायची, "सुटलं बाई." पाळी संपून पाणी बंद झालं की घर एकदम मुकं व्हायचं, कुणीतरी रुसून बसल्यासारखं. माय येसर फार चांगलं करायची. गहू, हरभरा, बाजरी आणि मसाला भाजून दळलेलं ते पीठ उकळत्या पाण्यात सोडलं, की त्या वासानं शेजारच्या क्वार्टरमधली माणसंसुद्धा "जयभीम, आहे का कुणी घरात" करत वाटी घेऊन यायची. अण्णांचा नियम असा की ज्याच्या शेताला आपण पाणी देतो, त्याच्याकडून वांगंसुद्धा घ्यायचं नाही. मासे मात्र त्यांचे स्वतःचे असायचे. सुट्टीच्या दिवशी ते काठावर पाच-सहा गळ लावून बसत आणि प्रत्येक काठीच्या टोकाला एक घुंगरू बांधून निवांत पेपर वाचत. घुंगरू वाजलं की पेपर खाली, मासा वर. अशा शिस्तीच्या घरात आम्ही दोघं भाऊ वाढलो. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी काडीसारखा, आणि दादाचे खांदे असे की क्वार्टरच्या दारातून तो जरा तिरपा होऊनच आत यायचा.

या खेळाचं खूळ आणलं मगर सरांनी. ते आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. आडनाव मगर आणि पाण्याची धास्ती अशी, की आम्ही पाण्यात असताना ते काठावर उभे राहून स्वतः लाइफ जॅकेट घालायचे. कुठल्याशा दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी आम्हा दोघांना बोलावून फळ्यावर नदी काढली. नदीवर आडव्या दोऱ्या. दोऱ्यांना टांगलेल्या काठ्यांच्या जोड्या. त्यांना म्हणायचं गेट. हिरव्या काठ्यांमधून पाण्याबरोबर खाली जायचं, लाल काठ्यांमधून पाण्याच्या विरुद्ध वर यायचं, आणि हे सगळं वेगात. काठीला अंग, वल्हं, बोट, काहीही लागलं की तुमच्या वेळेत दोन सेकंद वाढणार. गेट चुकलं की पन्नास. दोघांच्या बोटीत दोघंही गुडघे टेकून बसणार, एक पुढं, एक मागं, एकाचं वल्हं डाव्या बाजूला, दुसऱ्याचं उजव्या. मी हलका म्हणून पुढं बसलो. बोट वळवायला जोर लागतो म्हणून दादा मागं. पुढच्याला मागचा दिसत नाही, त्यामुळं दादा मागं काय करतोय हे मला वळून बघता यायचं नाही, पण त्याला शिव्या देता यायच्या. त्या मी भरपूर दिल्या.

(गुडघ्यांचं म्हणाल तर परवाच डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "शेती करत होता का?" मी म्हणालो, नाही, सहा वर्षं गुडघे टेकून बसलो होतो. ते म्हणाले, "अच्छा, ध्यानधारणा." मी दुरुस्ती केली नाही.)

बोट सरांनी कुठून तरी जुनी मिळवली होती. एसटीच्या टपावरून ती आली तेव्हा तिला मधोमध चीर गेलेली होती. ती दुरुस्त करायला आम्ही शहरात, फायबरच्या पाण्याच्या टाक्या सांधणाऱ्या एका चाचांकडं नेली. चाचांनी बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "क्या मियां, ये टांकी है के जनाजा?" मग वरची दोन भोकं दाखवून, "हौर ये काय को?" दादा म्हणाला, "चाचा, इसमें हम दोनों बैठते." चाचांनी दादाच्या खांद्यांकडं बघितलं, बोटीकडं बघितलं, आणि म्हणाले, "अल्ला मालिक है." पण काम चोख केलं. ती चीर पुढं कधी उघडली नाही, बाकी सगळं उघडलं. भोकांच्या तोंडावर ताणून बसवायचे झगे असतात, पाणी आत येऊ नये म्हणून. ते मायनं रेक्झिनचे शिवले आणि त्यांना परकराला घालतात तसली नाडी घातली. राष्ट्रीय स्पर्धेत नाडी बांधून उतरलेली देशातली ती एकमेव बोट असावी.

सरावाचं ठिकाण एकच, अण्णांचा कालवा. तोही पाळी असेल तेव्हाच. वरिष्ठांची परवानगी सरांनी काढली होती, पण अण्णा आम्हाला एक मिनिट जास्त पाणी मिळू देत नसत. "पिकाला सोडलंय, तुमच्यासाठी नाय," हे पालुपद. पाळी नसायची तेव्हा आम्ही कोरड्या कालव्यात सराव करायचो. म्हणजे बोट दोघांनी काखेत धरायची, एक पुढं, एक मागं, आणि टांगलेल्या काठ्यांमधून पळायचं. मी पुढं "डावीकडं! डावीकडं!" करून ओरडतोय, दादा मागून धापा टाकत येतोय. काठावर शेळ्या चारणाऱ्या बाया बसायच्या, त्यांना दुसरी करमणूक नव्हती. "काय रं, वरात कुणाची?" एक विचारायची. दुसरी म्हणायची, "नवरदेव कोणता गं त्यातला?" "मागला दिसतोय. पुढला नुसता वाजंत्री हाय."

अडचण एक होती. काठीला आपण लागलो की नाही हे बघायला माणसं लागतात. खऱ्या स्पर्धेत दोन-तीन गेटांमागं एक पंच बसतो. आमच्याकडं एकटे मगर सर, आणि ते पाण्याच्या फार जवळ येत नसत. आम्ही दोघं रोज भांडायचो. "तुझं लागलं." "माझं नाय, तुझं वल्हं लागलं." अण्णा दोन दिवस हे ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या गळांची सगळी घुंगरं आणली आणि प्रत्येक काठीला वरच्या अंगाला एकेक बांधलं. म्हणाले, "मासा लागला की वाजतंय. पोरं लागली की पण वाजंल. आता भांडू नका." आणि खरंच भांडण मिटलं. लागलं की वाजायचं. वाजलं नाही की लागलं नाही. वर्षभरात आमचे कान इतके तयार झाले, की डोळे मिटूनही कोणत्या गेटचं घुंगरू वाजलं ते सांगू शकत होतो. सर सगळ्यांना कौतुकानं सांगायचे की असली पद्धत परदेशातसुद्धा नाही. ती परदेशात का नव्हती, हे आम्हाला पुढं कळलं.

राज्याच्या निवडीत आमच्या गटात दोनच बोटी होत्या आणि दुसरी बोट सुरुवातीलाच उलटली. असे आम्ही गाजावाजा करत राष्ट्रीय स्पर्धेला निघालो. नर्मदेवर एका खडकाळ पट्ट्यात ती होती. जाताना जीपच्या टपावर बोट, आत आम्ही दोघं, सर, मायनं दिलेले दोन दिवसांचे धपाटे आणि बरणीभर ठेचा. आणि आणखी एक गोष्ट आमच्याबरोबर होती, तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. खेळाडूंसाठी राखीव जागांची एक भरती निघाली होती. पहिल्या तिघांत येणाऱ्याला तिचा अर्ज भरता येणार होता. माझ्यापुढं अजून वर्षं होती. दादाचं वय त्या भरतीत बसायचं ते शेवटचं वर्ष होतं. घरून निघताना अण्णा त्याला एवढंच म्हणाले, "बघ बाबा." दादा म्हणाला, "व्हय."

नर्मदा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दादाला म्हणालो, "हे पाणी कुणी सोडलं रे एवढं?" कालव्याचं पाणी शाळेतल्या पोरांसारखं रांगेत चालतं. हे पाणी चारी बाजूंनी येत होतं, खडकांवर आपटून मागं वळत होतं, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. पहिल्या फेरीत आम्ही उतरलो आणि काय सांगू, एकही घुंगरू वाजलं नाही! गेटमागून गेट जात होतं आणि सगळं कसं निर्मळ. खाली पोचलो तेव्हा मी वल्हं डोक्यावर धरून ओरडलो. दादानं मागून माझी पाठ थोपटली. काठावर लोकांनी आमच्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं, ते मला कौतुक वाटलं. मग फळ्यावर आकडे लागले. सात स्पर्श, आणि एक गेट साफ चुकलेलं. वेळेत चौसष्ट सेकंदांची भर. दादा फळ्याकडं बघत सावकाश म्हणाला, "इथं घुंगरं नायत रे." हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आदल्या दिवशी आम्ही काठ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. पण कानाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सरांनी आम्हाला बाजूला घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "दोन फेऱ्यांतली चांगली ती धरतात. कान बंद करा. कातडीनं ऐका." त्या माणसानं मला दिलेलं हे एकच वाक्य मी पुढं माझ्या विद्यार्थ्यांना माझं म्हणून सांगत आलो.

दुसऱ्या फेरीत मी कातडीनं ऐकलं. आज इतक्या वर्षांनीही ती फेरी मला अंगावर आठवते. कानाशी वारा, मांड्यांखाली बोटीचा तळ थरथरतोय, मागून दादाच्या वल्ह्याचा प्रत्येक ओढा कमरेपर्यंत येतोय. मी ओरडत नव्हतो, हेही पहिल्यांदाच. शेवटून तिसरं गेट लाल होतं, एका काळ्या खडकाच्या आडोशाला. आम्ही तिथं वळलो, पाण्याच्या विरुद्ध वर चढलो, बोट काठ्यांमध्ये शिरली, आणि माझ्या उजव्या कोपराला काठी लागली. धक्का वगैरे काही नाही. रस्त्यानं जाताना ओळखीच्या माणसानं हळूच हात लावावा, तशी लागली. मग गेट मागं पडलं आणि आम्ही खाली सुटलो.

फळ्यावर आमचं नाव तिसरं लागलं. चौथ्या जोडीपेक्षा आम्ही दीड सेकंदानं पुढं होतो. सरांनी लाइफ जॅकेट काढलं आणि हवेत फेकलं. दादा वाळूत बसला होता, दोन्ही हात मागं टेकून, आणि हसत होता. मी त्याला तसं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. तेवढ्यात माइकवरून आमचा नंबर पुकारला. प्रमुख पंचांच्या टेबलापाशी गेलो. वयस्कर गृहस्थ होते, डोक्यावर टोपी, आवाज सौम्य. चौथ्या जोडीनं तक्रार केली होती. त्या लाल गेटवरच्या पंचानं काही नोंदवलेलं नव्हतं, पण विचारल्यावर तो चाचरत होता. "देखो," प्रमुख पंच म्हणाले, "उनको पक्का नहीं है. शक का फायदा तुम लोगों को ही मिलेगा. बस मैं पूछ रहा हूँ. लगा क्या?"

मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत होतो. मी काही विचार करत होतो असं म्हणणं म्हणजे स्वतःला मोठेपणा देणं होईल. एवढंच वाटत होतं, दादाच म्हणेल, नाही लागलं. मागून त्याला काय दिसलं असणार?

दादा म्हणाला, "लगा साब. मेरा खांदा लगा."

पंचांनी एकदा त्याच्या खांद्यांकडं पाहिलं. ते खांदे पाहून कुणालाही पटलं असतं. त्यांनी मान हलवली, पेन उचललं आणि दोन सेकंद वाढवले. आम्ही अर्ध्या सेकंदानं चौथे झालो. टेबलापासून परत येताना मी दादाच्या मागं चालत होतो आणि मला राग आला होता. खोटं नाही सांगत, रागच. की हा असा कसा, आता त्या अर्जाचं काय, घरी काय सांगायचं. हा राग मी जीपमध्ये बसेपर्यंत नीट जपून ठेवला, कारण तो गेला असता तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं असतं.

जीपमध्ये सरांना राहवेना. "अरे लेका, तुला कुणी विचारलं होतं?"

"सर, त्यांनीच विचारलं की," दादा म्हणाला आणि धपाट्याला ठेचा लावून त्यानं अर्धा तुकडा माझ्या हातात दिला.

घरी पोचलो तेव्हा मायनं कटला माशाचं कालवण केलं होतं. आम्ही ताटांवर बसलो. अण्णांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "कितवे?"

"चौथे."

"कुठं हुकलं?"

"खांदा लागला माझा. एका गेटला."

अण्णा जेवत राहिले. मग म्हणाले, "जरा अंग चोरायचं ना रं."

"आता पोराला काय रंध्यानं तासायचं काय?" माय म्हणाली आणि उगाच कालवण ढवळत राहिली. फडताळातल्या ताटल्यांचासुद्धा आवाज नाही, कालवा बंद होता. ती शांतता मला सहन होईना. मी उठलो, दारापाशी गेलो, आणि दादा कसा तिरपा होऊन दारातून येतो, तसंच तो गेटमधून कसा घुसला, एक खांदा आत, दुसरा खांदा नर्मदेच्या पल्याड, आणि पंच कसा काठीच्या आड लपला, याची नक्कल केली. आधी माय हसली. मग अण्णा हसले, इतके की ठसका लागला, आणि दादानं त्यांना पाणी दिलं. दादाही हसला. आमच्या खानदानात गोष्टी सांगणारा म्हणून माझी जी ओळख आहे, तिची सुरुवात त्या जेवणापासून झाली.

त्यानंतर दादा बोटीत बसला नाही. भरतीचं वय निघून गेलं, तो पाचोडला गेला, एकाच्या हाताखाली मोटार रिवाइंडिंग शिकला आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. आठवडी बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानापुढं जळक्या मोटारींची रांग लागलेली असते. मी एकट्याच्या बोटीत उतरलो. दोन वर्षांनी दुसरा आलो. अर्ज भरला, क्रीडा अधिकारी झालो. ती बातमी पाचोडला पोचली तेव्हा दादानं दुकानात येईल त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेढा दिला, असं त्याचा कारागीर मला सांगत होता. पुढच्याला मागचा दिसत नाही, पण मागच्याला पुढचा सगळा दिसतो, त्याचं डोकं, मान, दोन्ही कोपरं. ही गोष्ट मला त्या टेबलापाशी सुचली नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

मागच्या महिन्यात दादाच्या मुलीचा, पल्लवीचा, साखरपुडा पाचोडला झाला. जेवणं चालू होती, नवे सोयरे सिल्लोडहून आलेले, ओळखी व्हायच्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "काका, ती खांद्याची गोष्ट सांगा." ही गोष्ट मी आजवर किती लग्नांत, बारशांत सांगितली त्याला मोजदाद नाही. दर वेळी दादाचे खांदे थोडे रुंद होतात. मी उभा राहिलो. नर्मदा झाली, खडक झाला, लाल गेट झालं. खुर्चीत बसलेले अण्णा आधीपासूनच हसायला लागले होते. दादा वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढत होता. मी खांदा पुढं काढून तिरपा झालो, तेवढ्यात पल्लवी मधेच बोलली. नवऱ्या मुलाच्या शेजारी ती बसली होती.

"पप्पा, खरंच असं झालतं? का काका तिखटमीठ लावून सांगतेत?"

सगळ्यांनी दादाकडं बघितलं. मी तसाच तिरपा उभा होतो.

दादानं समोरच्या पानावर वरण वाढलं, पळी बादलीत ठेवली आणि सरळ झाला. "मी मागंच बसलो होतो की," तो म्हणाला. "मला सगळं दिसत होतं. काका सांगतोय तसंच झालं."

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "थांबलास कामून? सांग की पुढं."

मी पुढं सांगितलं.